शाई-रंगाचे खाते

ग्रिम बंधूंनी 1812 साली आपल्या जर्मन कथासंग्रहात प्रसिद्ध केलेली आणि मराठी मुलांना ‘हिमगौरी आणि सात बुटके’ म्हणून परिचित असलेली कथा घेऊन वॉल्ट डिस्ने यांनी सिद्ध केलेला रेखाचित्रांचा रंगीत, संगीतमय बोलपट 21 डिसेंबर 1937 रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल चित्रगृहात प्रथम झळकला, तेव्हा हाताने काढलेल्या चित्रांपुढे प्रेक्षक तास-दीड तास बसणार नाहीत असे भविष्य वर्तविणारे चित्रव्यवसायातील जाणते निरुत्तर झाले. अडीच लाख डॉलरांचा मूळ अंदाज पंधरा लाखांच्या घरात गेला होता आणि त्यापायी बँकेचे कर्ज काढावे लागले होते. या साहसाची हकीकत पुष्कळांनी लिहिली आहे, आणि तीत चित्रकारांना व संगीतकार फ्रँक चर्चिल यांना त्यांचा मानही मिळाला आहे. परंतु हायपेरियन रस्त्यावरील त्या कारखान्यात शाई आणि रंगाचे जे खाते होते, त्याची नोंद मला नेहमीच अपुरी वाटत आली आहे. कारण पडद्यावर आपण जी रेषा व जो रंग पाहतो, तो कागदावर चित्र काढणाऱ्या पुरुषाच्या नव्हे, तर या खात्यातील तरुण स्त्रियांच्या हातचा आहे.

कागदावरचे प्रत्येक चित्र पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावाखाली ठेवून त्याची रेषा शाईने वर उतरवायची, आणि रेषा वाळल्यावर ताव उलटा करून मागील बाजूने रंग भरायचा, म्हणजे कुंचल्याचे फटकारे पुढून दिसत नाहीत, असा तेथील शिरस्ता होता. बोटांचा डाग तावावर उमटू नये म्हणून हातांत पांढरे सुती मोजे असत. सेकंदाला 24 चौकटी या हिशेबाने 83 मिनिटांच्या चित्रपटात सुमारे 1 लाख 20 हजार चौकटी होतात, आणि एकेका चौकटीत कित्येकदा दोन-तीन ताव एकावर एक रचलेले असतात. सेल्युलॉइड पूर्णपणे निर्मळ नसल्याने खालच्या तावावरचा रंग किंचित मंद दिसतो. म्हणून तोच झगा तळाच्या तावावर असेल तर वेगळ्या छटेने रंगवावा लागे. हिमगौरीच्या गालांवरची लाली तर सपाट रंगाने साधणारीच नव्हती. ती तावाच्या पृष्ठभागावर हलक्या हाताने, कडा विरत जातील अशी, स्वतंत्रपणे लावावी लागली, आणि एका चौकटीतून दुसरीत जाताना ती तसूभरही हलू नये याची दक्षता केवळ नजरेच्या अंदाजावर घेतली गेली. मूळ कागदावर यातले काहीच नव्हते. असे असता या कामास निव्वळ नक्कल म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

कंपनी मात्र तसेच मानीत होती. 1938 साली नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या एका मुलीला कंपनीकडून गेलेले उत्तर आजही उपलब्ध आहे: निर्मितीचे काम तरुण पुरुषांकडे असते, स्त्रियांना शाई व रंगाखेरीज अन्य काम दिले जात नाही, असा त्याचा आशय. खात्याच्या प्रमुख हेझल स्यूएल यांचे नाव चित्रपटाच्या कलादिग्दर्शकांत आढळते. त्यांच्या हाताखालील स्त्रियांची नावे श्रेयनामावलीत नाहीत. त्यांच्या हातचे कित्येक ताव धुऊन पुन्हा वापरात आणले गेले. जे उरले, त्यांपैकी काही सॅन फ्रान्सिस्कोच्या कुर्व्हाझिए कलादालनाने 1938 पासून चित्रे म्हणून विकावयास काढले. गिऱ्हाइकाने भिंतीवर टांगण्यासाठी विकत घेतले ते या स्त्रियांचे काम होते, एवढे तरी त्या विक्रीने सिद्ध केले.

पुढे 1961 च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’पासून कागदावरील रेषा झेरॉक्सच्या यंत्राने परस्पर तावावर उमटू लागली आणि शाईचे काम जवळजवळ संपुष्टात आले; रंगाचे काम ‘द लिटल मर्मेड’पर्यंत, म्हणजे 1989 पर्यंत, टिकले. यंत्रामुळे खर्च वाचला आणि चित्रकाराचा मूळ फटकारा शाबूत राहिला, हे खरेच आहे. पण आरंभीच्या त्या यंत्राला रेषा काळीच काढता येई. हिमगौरीच्या आकृतीभोवतीच्या, आतील रंगाशी सूर जुळवून काढलेल्या रंगीत रेषा त्याच्या आवाक्याबाहेरच्या होत्या.