औषधोपचारातील नियमितता : क्षयरोग नियंत्रणाचा इतिहास आणि शहापूर-मुरबाडचा संदर्भ

प्रस्तावना :
रुग्णास औषध देणे आणि रुग्णाने ते प्रत्यक्ष घेणे या दोन भिन्न घटना आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण नियमित औषधोपचार घेतात. भारतात या प्रश्नाचा सर्वाधिक अभ्यास क्षयरोगाच्या संदर्भात झाला. त्या इतिहासाचा आढावा घेऊन ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मद्रासचा प्रयोग :
१९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. तेथे १९३ रुग्णांची दोन गटांत विभागणी करून एका गटास आरोग्यधामात व दुसऱ्यास घरी एक वर्ष औषधे देण्यात आली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घरचा उपचार जवळजवळ तितकाच परिणामकारक ठरला. गरीब देशांसाठी ही मोठीच दिलासादायक बाब होती. परंतु घरी गोळ्या दिल्यावर त्या घेतल्या जातात की नाही, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला. संशोधकांनी पूर्वसूचना न देता घरभेटी सुरू केल्या, उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि लघवीची तपासणी केली. केंद्राशी निगडित असलेले डॉ. वॉलेस फॉक्स यांनी रुग्णाने स्वतः औषध घेण्यातील अनियमितता हा उपचारपद्धतीचा मूलभूत प्रश्न असल्याचे मांडले. देखरेखीखालील उपचाराची कल्पना यातूनच विकसित झाली.

याच काळात बंगळूर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली (१९५९). डॉ. देबाबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात केलेल्या आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळेच चित्र दिसले. लक्षणांची जाणीव असलेले अनेक रुग्ण स्वतःहून सरकारी दवाखान्यात गेले होते. परंतु तेथून त्यांची बोळवण खोकल्याच्या औषधावर झाली होती. उपचारातील खंडास रुग्णाचे अज्ञानच कारणीभूत असते, या समजास त्यामुळे छेद गेला.

डॉट्स ते दूरध्वनी :
१९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगास जागतिक आणीबाणी घोषित केले. भारतात सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम १९९७ पासून विस्तारत गेला व २००६ मध्ये देशभर पोहोचला. प्रत्येक रुग्णाच्या नावे संपूर्ण उपचाराची स्वतंत्र औषधपेटी राखून ठेवणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. आठवड्यातून तीनदा औषध दिले जाई. पहिल्या टप्प्यात प्रत्येक मात्रा समक्ष घ्यावी लागे. पुढील टप्प्यात आठवड्याची पहिली मात्रा समक्ष घेऊन रिकामे पाकीट परत करावे लागे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर दैनंदिन मात्रेची पद्धत देशभर लागू झाली. रोज केंद्रावर येणे सर्वांना शक्य नसल्याने देखरेखीचे काम दूरध्वनीकडे वळले. ‘९९डॉट्स’ पद्धतीत गोळी बाहेर काढल्यावर पाकिटाखाली दडलेला क्रमांक दिसतो. रुग्णाने त्यावर निःशुल्क दूरध्वनी केला की मात्रेची नोंद होते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘निक्षय’ या संगणकीय नोंदप्रणालीशी ती जोडण्यात आली.

या नोंदींची विश्वासार्हता तपासण्यासाठी मुंबईसह काही शहरांत झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. येथेही अचानक घरभेट व लघवीची तपासणी हीच कसोटी वापरण्यात आली. नोंद व प्रत्यक्ष सेवन यांत लक्षणीय तफावत आढळली. गोळी घेऊनही दूरध्वनी न करणारे रुग्ण होते, तसेच नोंद असूनही औषध न घेतलेले रुग्णही होते. साठ वर्षांनंतर साधन बदलले, तरी नोंद म्हणजे सेवन नव्हे, ही मद्रासची शिकवण कायम राहिली.

शहापूर-मुरबाडचा संदर्भ :
१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यातील आदिवासी वस्ती प्रामुख्याने या दोन तालुक्यांत उरली. कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी या जमातींची गावे व पाडे डोंगरउतारावर विखुरलेले आहेत. शहापुरातून मुंबई-आग्रा महामार्ग व कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग जातो. तानसा व भातसा ही मुंबईस पाणी पुरवणारी धरणेही याच तालुक्यात आहेत. तरीही रस्त्यापासून आत गेलेल्या पाड्यांचे जीवन वेगळे आहे. भाताची झोडणी आटोपली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीमालकाकडून उचल घेऊन बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार किमान सहा महिन्यांचा असतो. आश्विनात सुरू झालेला उपचार चैत्राच्या सुमारास संपावयाचा; स्थलांतर नेमके त्याच्या मध्यावर येते. घरात एकच मोबाईल असेल, तो कर्त्या पुरुषाबरोबर कामावर जात असेल आणि रुग्ण त्याची पत्नी असेल, तर पडद्यावरील रिकाम्या चौकोनाचा अर्थ ‘औषध सोडले’ असाच लावणे अन्यायाचे ठरते. रोगाबद्दलच्या लज्जेमुळे चारचौघांत तो क्रमांक फिरविणे टाळले जाणेही शक्य आहे.

निष्कर्ष :
जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ‘कसूरदार’ अशा अर्थाची संज्ञा वगळून ‘पाठपुराव्यातून सुटलेला’ ही संज्ञा स्वीकारली. दोष रुग्णावरून व्यवस्थेकडे सरकला, हे त्यातील महत्त्वाचे परिवर्तन होय. मात्र संगणकीय आलेखात जुना कसूरदार नव्या रंगात परतण्याचा धोका आहे. म्हणून या तालुक्यांत उपचार सुरू करतानाच स्थलांतराचा महिना व ठिकाण विचारणे, भट्टीच्या जवळील आरोग्य केंद्राकडे रुग्णाची नोंद वेळीच वर्ग करणे, आणि नोंद न दिसल्यास आशा कार्यकर्तीने प्रथम भेट घेणे, ही किमान पथ्ये पाळली पाहिजेत. अंकात्मक साधनांवरील संशोधनानेही केवळ किती मात्रा चुकल्या एवढेच न मोजता त्या कोणत्या ऋतूत, कोठे व कोणत्या कारणाने चुकल्या, याचा शोध घेणे आवश्यक आहे.