विडीची धूळ आणि घराचा उंबरठा
भंडारा जिल्ह्यात तेंदूपत्ता मुबलक. त्याच्या आधारे विड्या वळण्याचा धंदा येथे रुजला आणि घराघरांत पसरला. मांडीवर तंबाखूचे सूप, शेजारी निजलेले मूल, बहुधा त्याच खोलीत चूल.

१९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कामाच्या जागी उजेड, वायुवीजन व धूळ यांविषयी नियम घातले. मात्र ‘औद्योगिक परिसर’ या संज्ञेच्या व्याख्येतूनच राहते घर वगळले होते! ठेकेदाराचा माल घरी वळणारी बाई कायद्याने कामगार ठरली, तिची खोली मात्र कामाची जागा ठरली नाही. मालकांना हे सोयीचेच होते. मजुरी हजार विड्यांमागे मोजली जाई. तंबाखूची धूळ मात्र वळणारीच्या श्वासात जाई, तशीच अंथरुणावर बसे, आणि निजलेल्या मुलाच्याही छातीत उतरे.