रहाटपाळण्याचा खटला

मनुष्याच्या करमणुकीचा इतिहास लिहितांना त्यांत न्यायालयाचें एक प्रकरण घालावें लागेल, असें प्रथमदर्शनीं कोणास वाटणार नाहीं. शेताच्या बांधासाठीं, वाटणीच्या भिंतीसाठीं, दत्तकासाठीं लोक न्यायासनापुढें जातात, हें आपण नेहमीं ऐकतों. परंतु जत्रेंतला पाळणा कोणाचा, या प्रश्नासाठींही वकील उभे राहिले, आणि त्या क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नांत कल्पनेच्या मालकीचा सगळाच वाद गुंतलेला होता, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. अमेरिकेंत १८९३ सालीं झालेल्या अशाच एका फिर्यादीचा विचार आम्ही येथें करणार आहों.

१८८९ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत आयफेलचा सुमारें ३०० मीटर उंचीचा लोखंडी मनोरा उभा राहिला आणि साऱ्या जगाचे डोळे त्याकडे लागले. पुढें कोलंबसाच्या सफरीस ४०० वर्षें झाल्याच्या निमित्तानें शिकागो येथें जागतिक प्रदर्शन भरविण्याचें ठरलें, तेव्हां तेथील बांधकामाचा प्रमुख डॅनियल बर्नहॅम यास एकच चिंता लागून राहिली. आयफेलवर ताण होईल असें अमेरिकेनें काय करून दाखवावें? त्याचें उत्तर पिट्सबर्गच्या जॉर्ज फेरिस नांवाच्या एंजिनियरानें दिलें. पुलांस लागणाऱ्या लोखंडपोलादाची परीक्षा करणें हा त्याचा धंदा. त्यानें मनोऱ्यास मनोरा न सुचवितां फिरतें चक्र सुचविलें, आणि तें २१ जून १८९३ रोजीं लोकांस खुलें झालें. त्याची उंची २६४ फूट. त्यास ३६ डबे. प्रत्येक डब्यांत ६० माणसें, म्हणजे एका वेळीं २,१६० माणसें अंतराळांत फिरावयाचीं! त्याचा एकटा आंसच साडेपंचेचाळीस फूट लांब असून त्याचें वजन ८९ हजार पौंडांहून अधिक होतें. पन्नास सेंट देऊन लोक त्यांत बसत, दोन फेरे घेत, आणि खालीं उतरल्यावर आयफेलचें नांव विसरत.

परंतु या चक्राच्या आधीं दुसरें एक चक्र होतें. विल्यम सोमर्स नांवाच्या गृहस्थानें १८९२ सालीं अटलांटिक सिटी, अ‍ॅस्बरी पार्क आणि कोनी आयलंड या समुद्रकांठच्या तीन विहारस्थळीं ५० फुटी लांकडी चक्रें उभारलीं होतीं. ३ जानेवारी १८९३ रोजीं त्यास सरकारांतून त्यांचें पेटंटही मिळालें. फेरिस आपलें चक्र योजण्यापूर्वीं अटलांटिक सिटीच्या या चक्रांत बसून आला होता. शिकागोच्या चक्राचा डंका वाजूं लागतांच सोमर्सनें त्याच सालीं फेरिसवर पेटंटभंगाची फिर्याद लाविली. फेरिसच्या वकिलांचें म्हणणें असें कीं, दोन्ही चक्रें फिरतात एवढेंच त्यांत साम्य. दोहोंची रचना व तंत्र हीं अगदीं वेगळीं आहेत. अखेरीस सोमर्सची फिर्याद काढून टाकण्यांत आली.

हा निकाल ऐकून मन प्रथम सोमर्सकडे ओढ घेतें. ज्यानें पदरचा पैसा घालून वस्तु उभी केली, रीतसर सनद मिळविली, त्याच्या चक्रांत बसून गेलेला माणूस वर्षभरांत तसलेंच मोठें चक्र उभारतो आणि कायदा त्यास कांहींच म्हणत नाहीं! तथापि कायद्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. पेटंट मिळतें तें कल्पनेस नव्हे, तर ती कल्पना साधण्याच्या विशिष्ट युक्तीस. बैलगाडीच्या चाकाचा भार खालच्या लांकडी आऱ्यांवर पडतो. सायकलचा तुंबा ताणलेल्या तारांच्या आधारें तरंगत असतो. फेरिसचें चक्र या दुसऱ्या जातीचें होतें. पोलादी कांबी ताणून त्यानें तें प्रचंड वर्तुळ आंसाला बांधलें होतें, आणि पुलांच्या विद्येवांचून तें साधण्यासारखें नव्हतें. पन्नास फुटांचें लांकडी चक्र नुसतें पांचपटीनें वाढवून तें झालें नसतें.

शिवाय सोमर्स तरी आद्य प्रवर्तक कोठें होता? त्याच अटलांटिक सिटींत आयझॅक फॉरेस्टर यानें १८७२ मध्यें अनेक चक्रें जोडून एक खेळ चालविला होता. आणखी मागें गेलें तर आपण थेट तुर्की साम्राज्यांत पोहोंचतों. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानें १६२० सालीं फिलिपोपोलिस, म्हणजे आजच्या बल्गेरियांतील प्लोव्हदिव्ह, येथें मुलें उभ्या चक्राच्या बैठकींत बसून वरखालीं फिरतांना पाहिलीं. त्याच्याही आधीं, १६१५ च्या सुमारास, पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमन प्रवासी कॉन्स्टँटिनोपल येथें रमजानच्या उत्सवांत अशा चक्रांत स्वतः बसला होता. त्यास मोठी मौज वाटली. शेजारचा ग्रीक मात्र घाबरून ‘पुरे, पुरे’ म्हणून ओरडूं लागला. हाच देल्ला व्हाल्ले पुढें १६२३ सालीं गोव्यास आला, आणि मंडीही नंतर कंपनीच्या नोकरींत सुरतेस होता. त्यांनीं पाहिलेलीं तीं चक्रें ज्या सुतारांनीं घडविलीं त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. सोमर्सची सनद खरी. पण ज्या भांडवलावर ती उभी होती तें असें शतकानुशतकें निनांवी हातांनीं जमविलेलें होतें.

करमणुकीच्या धंद्यांत आणखीही एक अडचण आहे. ला मार्कस थॉम्प्सन यानें १८८४ च्या जून महिन्यांत कोनी आयलंडवर उतरणीची गाडी सुरू केली व २० जानेवारी १८८५ रोजीं आपल्या रचनेचें पेटंट मिळविलें. परंतु वर्ष-दीड वर्षांतच चार्ल्स अ‍ॅल्कोक यानें त्याच गाडीचा मार्ग वर्तुळाकार केला, आणि फिलिप हिंकल यानें ती यंत्रानें चढावर ओढून नेली. सनद सतरा वर्षांची, आणि नाविन्याचें आयुष्य दोन उन्हाळ्यांचें! फिर्यादीचे कागद तयार होईपर्यंत लोकांची गर्दी दुसऱ्या खेळाकडे वळलेली असावयाची.

फेरिस जिंकला खरा, पण त्या विजयाचें फळ त्यास मिळालें काय? प्रदर्शन संपल्यावर, चक्राच्या सुमारें साडेसात लक्ष डॉलरांच्या नफ्यांतील आपला व आपल्या भागीदारांचा न्याय्य वांटा चालकांनीं बुडविला, असें म्हणून त्यास स्वतःच वादी व्हावें लागलें. त्या कज्ज्यांत दोन वर्षें गेलीं, आणि २२ नोव्हेंबर १८९६ रोजीं वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षीं विषमज्वरानें त्याचा अंत झाला. तिकडे जॉर्ज टिलयू यानें कोनी आयलंडवर १२५ फुटांचें चक्र मागवून, ‘जगांतील सर्वांत मोठें फेरिस चक्र’ येथें उभें राहणार म्हणून पाटी लाविली. चक्र शिकागोच्या निम्म्याहून लहान, आणि नांव मात्र फेरिसचें! ज्या किनाऱ्यावर सोमर्सचें चक्र फिरलें होतें त्याच किनाऱ्यावर हें घडलें. शिकागोच्या चक्रांत बसलेल्या विल्यम सलिव्हन यानें १९०० सालीं गांवोगांव नेतां येईल असें लहान चक्र तयार केलें व त्याचा मोठा कारखाना चालविला. मूळ चक्र सेंट लुईच्या १९०४ च्या प्रदर्शनांत पुन्हां उभें राहिलें, आणि ११ मे १९०६ रोजीं सुरुंग लावून पाडण्यांत आलें.

या सर्व हकीकतीवरून आमचें मत असें झालें आहे कीं, न्यायालयानें केलें तें योग्यच केलें. चक्राच्या नुसत्या कल्पनेचा मक्ता एकास दिला असता तर फेरिसचें चक्र झालें नसतें, व सलिव्हनचा पाळणा खेड्यांतल्या मुलांपर्यंत पोहोंचला नसता. परंतु फिर्याद निकालांत निघाली म्हणून ऋण फिटलें असें होत नाहीं. दुसऱ्याच्या चक्रांत बसल्यानें ज्यास स्फूर्ति झाली त्यानें तसें मोकळेपणानें सांगावें, एवढी अपेक्षा कायदा करीत नसला तरी सज्जनाची नीति करते. सोमर्सला नुकसानभरपाई मिळावयास नको होती. उल्लेख मात्र मिळावयास हवा होता. त्याचें नांव आज कोणाच्या तोंडीं नाहीं, आणि इंग्रजी भाषेंत प्रत्येक जत्रेंतलें चक्र फेरिसचें झालें आहे.

आपल्या भाषेनें या बाबतींत अधिक प्रामाणिकपणा दाखविला आहे, असें आम्हांस वाटतें. आपल्या जत्रांतून चार पाळण्यांचें लांकडी चक्र हातानें फिरवीत असत. आतां विजेवर चालणारीं उंच चक्रें आलीं आहेत. तरी दोहोंस मराठी माणूस रहाटपाळणाच म्हणतो. विहिरीवरचा रहाट आणि घरांतला पाळणा, या दोन वस्तूंपासून ही तिसरी झाली, याची आठवण त्या शब्दांत जशीच्या तशी आहे. त्यांत ना सोमर्स, ना फेरिस. पहिला रहाट कोणीं जोडला व पहिला पाळणा कोणीं टांगला हें आपणांस माहीत नाहीं. पण त्यांचें कांहीं देणें आहे, एवढें तो शब्द उच्चारणारा प्रत्येकजण नकळत कबूल करीत असतो.