धांवत्या गाडीचा शक्तिपालट

आगगाडीच्या इतिहासावर जें कांहीं आपल्याकडे लिहिलें जातें, त्यांत पहिली गाडी केव्हां निघाली, घाट कसा फोडला, पूल कोणीं बांधला, ह्याचें वर्णन भरपूर असतें. परंतु एक व्यवस्था जेथें संपते आणि दुसरी जेथें सुरू होते, त्या सांध्याकडे लेखकांचें लक्ष क्वचितच जातें. आम्हांस मात्र ह्या सांध्यांविषयीं लहानपणापासून कुतूहल आहे, आणि त्यास कारणही तसेंच आहे. आमचें बालपण धाराशिव जिल्ह्यांत गेलें.

त्या वेळीं खुद्द शहरास रूळ नव्हता. मुंबईस जावयाचें म्हणजे येडशीस यावें, तेथें बार्शी लाइटची लहान गाडी धरावी आणि कुर्डुवाडीस उतरावें. ही लाइन एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज इंजिनियरानें उभारली. रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. १८९७ सालीं ती कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ पर्यंत निजामाच्या मुलुखांतून लातुरास पोंचली. १९५४ सालीं सरकारनें ती विकत घेतली, तरी वडीलधाऱ्यांच्या तोंडीं तिचें नांव ‘बार्शी लाइट’ हेंच राहिलें. कुर्डुवाडीस रात्रीं मोठ्या गाडीची वाट पाहावयाची. ट्रंका, वळकट्या, पाण्याचा तांब्या, झोंपेंत रडणारें धाकटें भावंड, हें सारें एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर नेतां नेतां आईचा जीव मेटाकुटीस येई. पुढें पुण्यास पुन्हां खोळंबा. तेथें डिझेलचें इंजिन सोडून विजेचें जोडीत, आणि आम्ही खिडकीच्या गजांस तोंड लावून तें काम पाहत असूं. एका प्रवासांत असे दोन सांधे! पहिल्यांत प्रवाशानें बोजा उचलून गाडी बदलावयाची. दुसऱ्यांत गाडीनें आपलें इंजिन बदलावयाचें. सांध्याचा भार कोणाच्या डोक्यावर, हा प्रश्न आम्हांस तेव्हां शब्दांत मांडतां आला नसता. पण तो मनांत शिरला तो तेथेंच.

पुण्याचा सांधा कसा उत्पन्न झाला? ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून हार्बर मार्गानें कुर्ल्यापर्यंत हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. तारेंतील दाब १५०० व्होल्ट, प्रवाह डी.सी., म्हणजे एकाच दिशेनें वाहणारा. १९३० पर्यंत ही तार एका अंगानें इगतपुरीस व दुसऱ्या अंगानें पुण्यास पोंचली, आणि तेथें थबकली. पुढें वाफ, आणि कालांतरानें डिझेल. १५०० व्होल्टांची ती निवड त्या काळीं वावगी नव्हती. इंजिनांतील मोटारी डी.सी.वरच उत्तम चालत, आणि दाब बेताचा असल्यानें इंजिनांत जड ट्रान्सफॉर्मर वाहून नेण्याची गरज नसे. परंतु दाब कमी म्हणजे प्रवाह मोठा. प्रवाह मोठा म्हणजे तार जाड, आणि थोड्या थोड्या अंतरावर वीज पुरविणारें उपकेंद्र. घाटांतील गजबजलेल्या मार्गास हा खर्च परवडे. शेंकडों मैलांच्या मोकळ्या माळरानास तो परवडणारा नव्हता. म्हणून स्वातंत्र्यानंतर, १९५७ च्या सुमारास, फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्यानें आपल्या रेल्वेनें २५,००० व्होल्टांचा ए.सी., म्हणजे सतत दिशा पालटणारा प्रवाह, पसंत केला. निर्णय शहाणपणाचा होता यांत शंका नाहीं. पण त्यामुळें वीज आणि डिझेल ह्यांच्या सांध्याबरोबर वीज आणि वीज ह्यांचाही सांधा निर्माण झाला.

असाच पेंच न्यूयॉर्कास फार पूर्वीं पडला होता. ८ जानेवारी १९०२ रोजीं तेथील पार्क ॲव्हेन्यूच्या बोगद्यांत धूर व वाफ ह्यांच्या दाटींत ड्रायव्हरला सिग्नल दिसला नाहीं. एक गाडी दुसरीवर आदळली व पंधरा माणसें प्राणांस मुकलीं. लोकक्षोभ इतका झाला कीं शहराच्या त्या भागांत वाफेच्या इंजिनास कायद्यानें बंदी झाली. न्यूयॉर्क सेंट्रल कंपनीनें जमिनीलगतच्या तिसऱ्या रुळांतून डी.सी. प्रवाह घेतला. शेजारच्या न्यू हेवन कंपनीनें आपल्या मार्गावर ११,००० व्होल्टांची ए.सी. तार टांगली, परंतु शहरांत शिरण्यास तिला सेंट्रलचेच रूळ वापरावे लागत. तेव्हां १९०७ पासून तिचीं इंजिनें दोन्ही प्रवाहांवर चालूं लागलीं. वुडलॉनजवळ गाडी न थांबवितां वरचा पँटोग्राफ खालीं घ्यावयाचा आणि तिसऱ्या रुळास टेकणारे जोडे कामास लावावयाचे! पुढें १९५० नंतरच्या दशकांत ह्याच मार्गासाठीं एफएल-९ नांवाचीं इंजिनें आलीं. तीं एरव्हीं डिझेलवर चालत आणि शहराजवळ आल्यावर तिसऱ्या रुळांतून वीज घेत. हें ऐकावयास वाटतें तितकें अजब नाहीं. डिझेलचें इंजिनही पोटांतल्या जनित्रानें वीजच उत्पन्न करतें आणि त्या विजेवर मोटारी फिरवितें. मोटारींस ती वीज पोटांतून येते कीं रुळांतून, ह्याच्याशीं कर्तव्य नसतें. आपल्याकडे वाराणसीच्या कारखान्यानेंही वीज आणि डिझेल अशा दुहेरी शक्तीचें इंजिन बांधलें आहे.

आतां विरारकडे येऊं. पश्चिम रेल्वेवर विरारपर्यंत १५०० ची जुनी तार, आणि त्यापुढें अहमदाबादकडे २५,००० ची नवी. १९७५ च्या सुमारास चित्तरंजनच्या कारखान्यांतून डब्ल्यूकॅम-१ ह्या जातीचीं इंजिनें बाहेर पडलीं, तीं दोन्ही तारांखालीं धांवणारीं होतीं. ए.सी. तारेखालीं ट्रान्सफॉर्मर दाब उतरवी, रेक्टिफायर प्रवाह एकमार्गी करी, आणि मग तो मोटारींस मिळे; डी.सी. तारेखालीं हीं दोन्ही यंत्रें बाजूस राहत. दोन तारांना वेगळे पँटोग्राफ, कारण तेवढीच शक्ति १५०० व्होल्टांवर घ्यावयाची तर प्रवाह सुमारें सोळा-सतरा पट घ्यावा लागतो.

दोन तारांच्या मध्यें कांहीं अंतर निर्जीव तारेचें असे. तें जवळ आल्याची पाटी दिसली कीं ड्रायव्हर मोटारींची शक्ति शून्यावर आणी, मुख्य स्विच उघडी, पँटोग्राफ उतरवी, पालटाचा स्विच फिरवी. इतका वेळ शेंकडों टनांची गाडी निव्वळ आपल्या वेगावर घरंगळत राही. मग दुसरा पँटोग्राफ वर, दाबाची खात्री, आणि स्विच पुन्हां बंद. हा क्रम चुकला, आणि १५०० साठीं जोडलेल्या यंत्रावर २५,००० व्होल्ट आले, तर काय होईल हें सांगण्यास विद्युत्शास्त्र पढावें लागत नाहीं. एकदां त्या मार्गानें सुरतेस जातांना आम्हीं मुद्दाम कान देऊन ऐकलें. पुढच्या डब्यांत होतों, तरी पुढून येणारी घरघर क्षणभर थांबली, चाकांचा आवाज तेवढा उरला, आणि ती घरघर पुन्हां सुरू झाली. आमच्या समोरचे गृहस्थ पुरीभाजी खात होते. त्यांनीं मान वर केली नाहीं. कुर्डुवाडीच्या फलाटावरची आई आम्हांस त्या क्षणीं आठवली. तिनें डोक्यावरून वाहिलेला बोजा येथें एका ड्रायव्हरच्या अवधानानें वाहिला होता, आणि कोणास पत्ताही नव्हता.

पुढें बी.एच.ई.एल.नें डब्ल्यूकॅम-२ व डब्ल्यूकॅम-३ बांधलीं, आणि १९९० नंतर मध्य रेल्वेवरही दुहेरी इंजिनें आलीं. परंतु सांधा कुशलतेनें ओलांडणें निराळें आणि सांधाच नाहींसा करणें निराळें. कलकत्त्यानें आपली डी.सी. तार १९६८ च्या सुमारासच काढून टाकली होती. मुंबईच्या लोकलच्या पसाऱ्यामुळें येथें तें काम रखडलें. २०१२ सालीं पश्चिम रेल्वेनें आणि २०१६ च्या एप्रिलांत मध्य रेल्वेनें तें पुरें केलें. मौज अशी कीं जेथें १९२५ सालीं पहिली तार चढली, त्या हार्बर मार्गावरूनच ती शेवटीं उतरली.

आमच्या जिल्ह्यास हे सर्व सांधे ओलांडावयास अधिक वेळ लागला. २००७ व २००८ सालीं लातूर ते कुर्डुवाडी रूळ रुंद झाले, मार्ग वळवून शहरास स्टेशन मिळालें, आणि बोजा घेऊन गाडी बदलण्याचा प्रसंग संपला. त्यानंतरही कित्येक वर्षें इंजिनें डिझेलचींच होतीं. तार आली ती अगदीं अलीकडे. २०२३ च्या फेब्रुवारींत औसा रोड ते लातूर रोड हा तुकडा विजेखालीं आला, आणि मध्य रेल्वेच्या रुंद मार्गांवर विजेवांचून राहिलेला तो शेवटचा तुकडा होता. म्हणजे जिच्या मुंबईकडील टोंकास देशांतील पहिली तार लागली, त्या रेल्वेची शेवटची तार आमच्या शेजारीं लागली. मध्यें अठ्ठ्याण्णव वर्षें गेलीं.

आतां येथून मुंबईपर्यंत एकाच दाबाची तार आहे. तरीही ती आरंभापासून शेवटापर्यंत एकसंध नाहीं. प्रत्येक उपकेंद्र सरकारी विजेच्या तीन फेजांपैकीं वेगळ्या फेजांवरून आपली वीज घेतें, म्हणून दोन उपकेंद्रांच्या हद्दींत थोडी निर्जीव तार राखावी लागते. तेथें रुळाच्या कडेस पाटी असते. ती दिसली कीं ड्रायव्हर स्विच उघडतो, गाडी कांहीं क्षण आपल्या वेगावर पुढें सरकते, आणि पलीकडची पाटी येतांच तो स्विच पुन्हां बंद करतो.