भांडण सोंगाचे की माणसांचे?

काही वर्षांपूर्वी घाटकोपरच्या एका शाळेत नववीच्या मुलांबरोबर आम्ही एक खेळ केला. विषय होता, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्तीत येणारा बिबट्या. साठलेल्या कचऱ्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, हे मुलांनी आपले आपण शोधावे अशी कल्पना. कोणी वनाधिकारी झाले, कोणी पाड्यावरचे आदिवासी, कोणी इमारतीतले रहिवासी, कोणी कचऱ्याचा कंत्राटदार. पंच मी.

अर्धा तास झकास गेला. मग कंत्राटदाराने वनाधिकाऱ्याला दिलेला शब्द मोडला आणि भर सभेत सगळा दोष त्याच्यावर ढकलला. सोंग म्हणून त्याचे काहीच चुकले नव्हते. पण हे दोघे एका बाकावर बसणारे जिवलग मित्र. तास संपला तरी ते एकमेकांशी बोलेनात. बाईंनी मला विचारले, "आता हे कोणी मिटवायचे?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ते शोधताना लक्षात आले की या प्रश्नाला चांगला दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

१८२४ साली प्रशियाच्या तोफखान्यातील राइसविट्झ या लेफ्टनंटने युद्धाच्या एका खेळाचे नियम प्रसिद्ध केले. बुद्धिबळासारखा पट नाही, तर १:८००० प्रमाणाचा खराखुरा नकाशा. दोन्ही बाजूंनी आपले हुकूम पंचाकडे द्यायचे. शत्रूची जी तुकडी खरोखर दिसू शकेल तेवढीच पंच नकाशावर मांडणार. चकमकीचा निकाल फासे आणि कोष्टके यांवरून. पुढे ही कोष्टके फार किचकट वाटू लागली. १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने ती बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ सोपवला. म्हणजे वाद मिटवण्याचे दोन मार्ग तेव्हाच तयार झाले होते: एक नियमाचा, दुसरा विश्वासातल्या माणसाचा. मात्र इथे भांडण सरळ होते. दोन पक्ष, एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा.

खरी गंमत १९६९ मध्ये झाली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेसली या तरुणाने नेपोलियनच्या काळातले ब्राउनस्टाइन नावाचे एक काल्पनिक जर्मन गाव रचले. सेनापती दोघेच, पण खेळायला मंडळी पुष्कळ जमलेली. मग त्याने उरलेल्यांना नगराध्यक्ष, सावकार, कुलगुरू अशी सोंगे वाटली आणि प्रत्येकाला निराळे उद्दिष्ट दिले. एकेकाने पंचाकडे येऊन आपला बेत सांगावा अशी योजना होती. प्रत्यक्षात मंडळी कोपऱ्याकोपऱ्यांत कारस्थाने करू लागली. दोघांनी तर येऊन सांगितले, की आम्ही एकमेकांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले आहे! नियमांत द्वंद्वयुद्ध कुठेच नव्हते. वेसलीने तिथल्या तिथे फासे टाकून निकाल दिला. नियोजित लढाई राहिली बाजूला. आपला खेळ साफ फसला असे त्याला वाटले. खेळाडू मात्र 'पुन्हा कधी?' म्हणून मागे लागले.

त्या खेळाडूंपैकी डेव्ह आर्नेसन याने ही कल्पना पुढे नेली आणि गॅरी गायगॅक्सच्या साथीने १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ छापून निघाला. यात एक महत्त्वाचा बदल होता. खेळाडू बहुधा एकाच टोळीतले, संकटे पंचाने रचलेली, आणि तेच सोंग घेऊन महिनोन् महिने खेळायचे.

या लांबीला महत्त्व का? याचे उत्तर गणितात सापडते. रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने १९८०च्या सुमारास संगणकावर दोन स्पर्धा घेतल्या. दोन आज्ञावल्या पुनःपुन्हा समोरासमोर येणार, आणि प्रत्येक वेळी सहकार्य करायचे की दगा द्यायचा हे ठरवणार. गाठ एकदाच पडणार असेल तर दगा फायद्याचा. पण दुसऱ्या स्पर्धेतल्या ६२ प्रवेशिकांमध्येही पहिल्या स्पर्धेप्रमाणेच अनातोल रॅपोपोर्ट यांची साधी 'जशास तसे' चाल जिंकली: सुरुवात सहकार्याने करा, मग समोरचा करील तसे करा. उद्या पुन्हा भेटायचे आहे ही जाणीव आजच्या दग्याला आवर घालते. आमच्या नववीचा खेळ एका तासाचा होता. त्या मुलाला दगा देणे शहाणपणाचेच वाटले, यात नवल ते काय?

तरी दगा हा नेहमी खेळ बिघडवतोच असेही नाही. १९८४ मध्ये निघालेल्या 'पॅरानोइया' या खेळात एकमेकांचा घात करण्यातच मजा असते. पण ते सगळ्यांना आधीपासून ठाऊक असते. फासे तलवारीचा निकाल लावू शकतात, दुखावलेल्या मनाचा नाही. तिथे आधी घेतलेली संमतीच उपयोगी पडते.

आणि हे आपल्या मुलांना नवे नाही. मुलुंडच्या आमच्या चाळीत लहानग्याला 'लिंबूटिंबू' म्हणून आउट होण्यापासून सूट मिळे. कोणी पडले, लागले, की 'टाइम प्लीज' म्हणताच सगळे थांबत. ब्रिटनमध्ये आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने १९५९च्या आपल्या ग्रंथात शाळकरी मुलांचे असे तहाचे शब्द प्रांतवार नोंदवून ठेवले आहेत. मोठ्यांच्या मदतीशिवाय मुलांनीच टिकवलेला हा कायदा आहे.

पुढच्या वर्षी दुसऱ्या तुकडीबरोबर तोच खेळ केला, पण आधी तीन गोष्टी ठरवल्या. दगा चालेल की नाही, हे वर्गानेच सुरुवातीला ठरवायचे. कोणीही 'टाइम प्लीज' म्हटले की खेळ थांबायचा. आणि शेवटी प्रत्येकाने सोंग उतरवून स्वतःच्या नावाने सांगायचे, की माझ्या पात्राला काय हवे होते आणि मला स्वतःला काय वाटले. या शेवटच्या भागाला खेळाइतकाच वेळ लागला, आणि बिबट्याबद्दलची सर्वांत चांगली चर्चाही त्यातच झाली.

त्या पहिल्या दोघांचे काय झाले? आठवड्याने ते क्रिकेटच्या डावात एका बाजूला आले आणि बोलू लागले. त्यात माझे श्रेय काहीच नाही. पंच म्हणून माझे काम खेळ सुरू होण्याआधीचे होते, आणि तेच मी केले नव्हते.