एका हंगामाची बेरीज

कॉटन ग्रीन या नावात हंगाम दडलेला आहे. कापसाचा बाजार कुलाब्याहून हलून शिवडीच्या बाजूला स्थिरावला आणि स्थानकाला हे नाव चिकटले. कापसाचा भाव जसा हंगामावर ठरतो, तसाच फलंदाजाचाही ठरतो. या कापसावर चालणाऱ्या गिरण्यांशी ज्यांचे घराणे जोडलेले होते, त्या ठाकरसी कुटुंबातील विजय मर्चंट हे अशाच एका हंगामाचे नायक. तो हंगाम १९४३-४४ चा.

त्या वर्षीच्या पंचरंगी सामन्यांत सांगलीचे विजय हजारे यांनी 'द रेस्ट'कडून मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावांचा स्पर्धा-विक्रम केला. अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या मर्चंट यांनी नाबाद २५० धावा करून तो मोडला. फॉलोऑननंतर त्याच सामन्यात हजाऱ्यांनी ३०९ धावा केल्या. संघाच्या एकूण धावा ३८७. भाऊ विवेक याच्यासह झालेल्या ३०० धावांच्या भागीदारीत विवेकचा वाटा अवघा २१. तरीही संघ डावाने हरला. पुढे रणजी स्पर्धेत महाराष्ट्राविरुद्ध मर्चंट यांनी नाबाद ३५९ धावा काढल्या आणि हजाऱ्यांचा नाबाद ३१६ चा जुना रणजी विक्रमही मागे पडला. त्या डावात त्यांना साथ देणाऱ्या रुसी मोदींनी पुढच्याच हंगामात रणजीत १,००८ धावा केल्या. एका हंगामात हजारी गाठणारे ते पहिले.

या आकड्यांचे कौतुक करताना आम्हांला एक गोष्ट विसरता येत नाही. हजारे मराठी होते, पण ख्रिस्ती असल्याने त्यांचा संघ धर्माने ठरला. फलंदाजाची योग्यता धावफलकावर, संघ मात्र जन्मदाखल्यावर! गांधीजींनी १९४० मध्येच या धर्मनिहाय सामन्यांना विरोध दर्शवला होता. स्पर्धा १९४६ मध्ये बंद झाली.

त्याच १९४३ साली अमेरिकेत जॉश गिब्सन हा कृष्णवर्णीय बेसबॉलपटू .४६६ च्या सरासरीने फटके मारत होता. परंतु वर्णभेदामुळे त्याची लीग वेगळी होती, म्हणून त्याचे आकडे मुख्य नोंदवहीत नव्हते. २०२४ साली ते अधिकृतपणे सामील झाले आणि एका हंगामातील सर्वोच्च सरासरी त्याच्या नावे लागली.

तिथे भेदभावाने आकडे लपवले. इथे आकडे पहिल्यापासून नोंदवहीत राहिले आणि भेदभाव विस्मरणात गेला. आम्हांला वाटते, साहित्याच्या अभ्यासकाने दुसऱ्या प्रकाराकडे अधिक सावधपणे पाहावे. संहिता शाबूत असली की संदर्भही शाबूत आहे असा समज सहज होतो. ३०९ ही संख्या वाचताना तिच्यामागचा 'द रेस्ट' हा शब्दही वाचला पाहिजे. 'उरलेले' असा त्याचा अर्थ, आणि त्या उरलेल्यांत देशाचा एक सर्वोत्तम फलंदाज होता.