सिलिकेट विदारण व हवामान

सिलिकायुक्त खनिजांचे पाणी, हवा व सजीव यांच्या रासायनिक क्रियेने होणारे विघटन म्हणजे सिलिकेट विदारण होय. या प्रक्रियेत वातावरणातील कार्बन डायऑक्साइड वायू खर्ची पडतो आणि तिचा वेग तापमान व पर्जन्य यांवर अवलंबून असतो, म्हणून विदारण व हवामान एकमेकांचे नियमन करतात.

पावसाच्या पाण्यात हा वायू विरघळून सौम्य कार्बॉनिक आम्ल तयार होते. जमिनीत मुरताना मुळे व सूक्ष्मजीव यांच्या श्वसनातील वायूची त्यात भर पडते आणि फेल्डस्पार, पायरोक्सीन यांसारख्या खनिजांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम सुटे होऊन बायकार्बोनेटासह नद्यांवाटे समुद्रात जातात. तेथे प्रवाळ, शिंपले व प्लवक कॅल्शियम कार्बोनेटाची कवचे बनवतात, तेव्हा निम्मा कार्बन पुन्हा मुक्त होतो व उरलेला चुनखडकात बंदिस्त होतो. ज्वालामुखींवाटे तो यथावकाश हवेत परततो.

हवामान उष्ण व आर्द्र झाल्यास विदारण वाढून वायूचे प्रमाण घटते आणि ते थंड झाल्यास विदारण मंदावून ज्वालामुखींनी सोडलेला वायू साचत जातो. जेम्स वॉकर, पॉल हेज व जेम्स कास्टिंग यांनी १९८१ मध्ये या स्वयंनियमनाची मांडणी केली.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला दख्खनचा बेसाल्ट ग्रॅनाइटपेक्षा लवकर विदारित होतो. महाराष्ट्रातील काळी रेगूर मृदा हे त्याचेच फलित आहे. कोकणात व सह्याद्रीच्या माथ्यावर अतिवृष्टीने कॅल्शियम, मॅग्नेशियम व बरीचशी सिलिका वाहून जाऊन लोह व ॲल्युमिनियम यांनी समृद्ध असा जांभा उरला. जांभ्याचा थर जाड झाला, की पाणी ताज्या खडकापर्यंत सहज पोहोचत नाही व विदारण मंदावते.

सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीचे तापमान ५ अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक वाढले, तेव्हा ते पूर्वपदावर येण्यास लाखाहून अधिक वर्षे लागली. औद्योगिक काळापूर्वी दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड आता ४२० भागांपलीकडे गेला असून मानवी उत्सर्जन ज्वालामुखींच्या उत्सर्जनाच्या शंभरपटींहून अधिक आहे. खडकांची ही क्रिया पृथ्वीला सावरू शकते, परंतु तिची गती मानवी पिढ्यांच्या उपयोगी पडणारी नाही. त्यामुळे उत्सर्जन घटवण्याची जबाबदारी निसर्गावर सोपवता येत नाही.